बारा मोटारी आणि अर्धी सही

बुधवार, ३१ ऑक्टोबर १९५६, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. बरकतपुऱ्यातल्या एका मोकळ्या प्लॉटच्या फाटकातून पहिले वाहन आत शिरले. तो टांगा होता. त्यात अकरा माणसे होती.

फाटकाशी वही घेऊन उभ्या असलेल्या निवृत्तीरावांनी टांग्यांच्या रकान्यात एक लिहिला. मोटारींचा रकाना कोरा राहिला. त्यांना साडेसहापर्यंत बारा मोटारी हव्या होत्या. अकरा चालणार नव्हत्या.

"पहिलं गिऱ्हाईक आलं की," मागून त्यांच्या पत्नी सुशीलाबाई म्हणाल्या. "तोंड कशाला पाडलंय?"

"मोटार नाही ती."

"मोटारवाले घरी निवांत चहा घेऊन मग निघतात. टांगेवाल्याला कुठला आलाय चहा?"

प्लॉट सुशीलाबाईंच्या थोरल्या भावाचा, म्हणजे बेगम बाजारात गुळाचा घाऊक धंदा करणाऱ्या आबासाहेबांचा होता. कल्पना मात्र निवृत्तीरावांची. चौदा वर्षे ते मोटार नोंदणीच्या कचेरीत कारकून होते आणि शहरातली प्रत्येक मोटार नंबरावरून ओळखत. मालकाचे नाव विसरत, नंबर विसरत नसत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एका अमेरिकन मासिकात एक फोटो पाहिला. भल्या मोठ्या मैदानात मोटारींच्या रांगा, समोर पडदा, आणि लोक आपापल्या मोटारीत बसून सिनेमा बघत आहेत. खुर्च्या नाहीत, छप्पर नाही, पंखे नाहीत. निवृत्तीरावांनी त्याच दुपारी रजिस्टर उघडून शहरातल्या मोटारी मोजल्या. शंभरातली एक आली तरी मैदान भरत होते.

या मोजणीत एक गोष्ट सुटली. रजिस्टरातल्या निम्म्या मोटारी जहागिरी गेल्यापासून हवेल्यांच्या मागे विटांवर उभ्या होत्या. टायर विकले गेले होते. टॅक्स मात्र मालक मानापोटी दरसाल भरत, त्यामुळे नोंदणीच्या कारकुनाला त्या सगळ्या रस्त्यावर धावतानाच दिसत.

घाई तारखेमुळे होती. त्या मध्यरात्री हैदराबाद राज्य संपणार होते. कचेरीतली टेबले, कपाटे आणि माणसे आंध्र, मुंबई आणि म्हैसूर अशा तीन राज्यांत वाटून झाली होती. टेबलांच्या पायांवर खडूने खुणा होत्या, माणसांना छापील हुकूम मिळाले होते. निवृत्तीराव मुंबई राज्याच्या वाट्याला गेले होते. रात्री आठच्या मनमाडच्या गाडीने फायलींबरोबर काचीगुड्याहून औरंगाबादला निघायचे, असा त्यांचा हुकूम होता. कोटाच्या उजव्या खिशात रेल्वेचा पास होता. डाव्या खिशात राजीनामा होता. सिनेमाचा परवाना मिळाला तर डावा खिसा उघडायचा, नाही मिळाला तर उजवा, असे घरात ठरले होते.

"औरंगाबादला मी येते," सुशीलाबाई म्हणाल्या होत्या. "फक्त माझ्या शिवणक्लासच्या बावीस पोरी आणि पलीकडच्या गल्लीतली माझी आई कोणत्या डब्यात बसवायची, तेवढं सांगा." पडद्याचा मांजरपाट त्यांनीच आपल्या मशीनवर चार दिवस बसून जोडला होता.

परवाना आबासाहेबांच्या नावाने व्हायचा होता आणि देणारे होते एकनाथराव, निवृत्तीरावांचेच साहेब. सिनेमाच्या नियमांत छप्पर होते, भिंती होत्या, दोन खुर्च्यांमधले अंतर होते. प्लॉटवर यातले काहीच नव्हते. एकनाथरावांनी नियम तीनदा वाचले आणि मार्ग काढला.

"हे थेटर नाही," ते म्हणाले होते. "हा मोटार स्टँड आहे. स्टँडवर मोटारी उभ्या असताना समोर पडदा हलत असला, तर माझी हरकत नाही. पण स्टँड म्हणायला बारा मोटारी लागतात. मी येईन, मोजीन, दहा मिनिटं खेळ चाललेला बघीन आणि सही करीन. एकतीस तारखेला. एक तारखेपासून इथं माझ्या सहीला कुणी विचारणार नाही."

जाहिरात उमाजी टांगेवाल्याने केली. टांग्यावर कर्णा बांधून तो तीन आठवडे फिरला. पहिल्या आठवड्यात 'मोटारवाल्यांसाठी' अशी जाहिरात होती. सात जणांनी येतो म्हणून सांगितले. मग आबासाहेबांनी जाहिरात स्वतःकडे घेतली.

"दाजी, नुसत्या मोटारवाल्यांवर धंदा चालायलाय का कुठं?" ते म्हणाले. "टांगा घ्या, रिक्षा घ्या, बैलबंडी घ्या. फकत पायी येणारा नक्को. तो काय, थेटरातबी जातो."

नवे हँडबिल छापले गेले. आपल्या वाहनात बसून सिनेमा पाहा. वाहन कोणतेही चालेल. तिकीट वाहनाला, माणसाला नाही. पायी येणाऱ्यास प्रवेश नाही. उमाजीने गौलीगुड्यापासून काचीगुड्यापर्यंत ते वाटले आणि कर्ण्यातून स्वतःची भर घातली, "आपली सवारी, आपली कुर्सी. चपला काढायची बी गरज नै."

शहराने हँडबिल लक्षपूर्वक वाचले होते, हे सहा वाजेपर्यंत उघड झाले.

फाटकावर तातेराव होते. काचीगुडा स्टेशनवर तीस वर्षे तिकिटे तपासून ते निवृत्त झाले होते. हँडबिल त्यांना पाठ होते. सहाच्या सुमारास आबासाहेब चालत आले, तेव्हा तातेरावांनी आडवा हात घातला.

"पायी प्रवेश नाही."

"तातेराव, प्लॉट माझा आहे."

"असेल. वाहन कुठं आहे?"

"अहो, मी मालक आहे."

"मालक म्हणून वेगळा नियम छापलेला नाही."

आबासाहेबांची बैलगाडी शेंगदाण्याची आणि चुरमुऱ्यांची पोती घेऊन मागून येत होती. ते कोपऱ्यापर्यंत परत गेले, पोत्यावर चढून बसले, तिकीट घेतले आणि स्वतःच्या प्लॉटमध्ये आले. बैल सोडून भिंतीशी बांधले गेले. या बैलांची गरज पुढे पडणार होती.

आबासाहेबांनाच अडवले म्हटल्यावर बाहेरच्या गर्दीने वाद घातला नाही. ज्याला जे चाक मिळाले, ते घेऊन तो आला. बेगम बाजारातले नऊ दुकानदार एका हातगाडीवर मांडी घालून बसून आले. हमाल ढकलत होते आणि दुकानदार त्यांना वळण सांगत होते. गौलीगुड्याच्या एका कुटुंबाने पांगुळगाडा आणला. त्याला धरून एक मूल उभे होते आणि मागे सात मोठी माणसे.

तातेराव खाली वाकले. त्यांनी पांगुळगाड्याची तिन्ही चाके हाताने फिरवून पाहिली.

"फिरतात," ते म्हणाले. "जाऊ द्या."

सव्वासहाला निवृत्तीरावांना एक सायकल ओळखीची वाटली. टॅक्सच्या बिल्ल्यावर नंबर होता एकेचाळीसशे बहात्तर. हा नंबर त्यांनी वहीत आधी दोनदा लिहिला होता. ते मागच्या भिंतीकडे गेले. सायकल भिंतीवरून बाहेर चालली होती. आतले दोघे वर उचलत होते, बाहेरचे दोघे खाली घेत होते.

"ही सायकल कुणाची?"

"भाड्याची आहे, साहेब. तासावर."

"एका सायकलवर किती जण येणार?"

"एका वेळी दोघंच येतो की. तिकीटबी दरवेळी काढायलाव."

निवृत्तीराव तातेरावांकडे आले. तातेरावांनी विचार केला. "वाहन आहे, तिकीट आहे. वाहनानं परत बाहेर जायचं नाही, असं कुठं छापलंय?" एकेचाळीसशे बहात्तर त्या संध्याकाळी सात वेळा आत आली.

पडदे लावलेल्या सायकल रिक्षा आल्या, तेव्हा सुशीलाबाईंनी त्या पुढच्या रांगेत लावल्या. थेटरात जनान्याची वेगळी जागा असली तरी जाता-येता गर्दीतून जावे लागे. इथे पडदा घरचा, रिक्षा ओळखीची आणि सिनेमा समोर. एकेका रिक्षात किती बायका होत्या, हे कुणी विचारले नाही. एकीतून पाच वेगवेगळे आवाज सुशीलाबाईंनी ऐकले. पाचही चहा मागत होते.

टांग्यांची अडचण वेगळी होती. निवृत्तीरावांनी चुन्याने आखलेल्या जागा मोटारींसाठी होत्या, तोंड पडद्याकडे. पण टांग्यातली मागची सवारी घोड्याकडे पाठ करून बसते. टांगा पडद्याकडे तोंड करून उभा केला की सवारीला पडद्याऐवजी फाटक दिसे. म्हणून पहिल्या टांगेवाल्याने टांगा फिरवून लावला. दुसऱ्याने तेच केले. सव्वासहापर्यंत तेरा टांगे पडद्याकडे पाठ करून उभे होते आणि तेरा घोडे फाटकाकडे बघत होते. घोडे आणि फाटक यांच्यामध्ये मोटारींची रांग होती. मोटारवाल्यांना समोरच्या काचेतून आधी घोड्याचे तोंड दिसे आणि त्याच्या कानांमधून पडदा.

गाडी हाकणारे पुढच्या बाजूला बसत, त्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हते. ते सगळे खाली उतरले आणि पडद्यासमोर जमिनीवर जाऊन बसले. तातेरावांनी त्यांना कर्मचारी म्हणून सूट दिली.

"घोडे एकटे राहतील का?" निवृत्तीरावांनी एकाला विचारले.

"आमचे काचीगुडा स्टँडचे घोडे हायत, साहेब. दिवसभर स्टेशनासमोर उभे ऱ्हातात. गाडीची शिट्टी होईपर्यंत पाय हलवणार नैत."

हे उत्तर निवृत्तीरावांनी ऐकले आणि त्यावर विचार केला नाही. अकरावी मोटार तेव्हाच फाटकातून आत येत होती.

साडेसहाला एक मिनिट कमी असताना एकनाथराव आले. निवृत्तीराव त्यांच्या सरकारी मोटारीची वाट पाहत होते. तीच बारावी ठरणार होती. एकनाथराव उमाजीच्या टांग्यातून उतरले. पांढरी स्वच्छ पाटलोण, हातात फाईल, मागे ट्रंक आणि वळकटी.

"सर, मोटार?"

"पाच वाजता वाटणीत गेली. आंध्राकडे." एकनाथरावांनी आवाजात काही येऊ दिले नाही. "मी मुंबईकडे. ती तिकडे, मी इकडे. किती झाल्या?"

"अकरा."

"बारा सांगितल्या होत्या."

"सर, तुमची धरून बारा होत होत्या."

"ते राज्य पुनर्रचना आयोगाला सांगा."

तेवढ्यात तातेरावांनी एकनाथरावांचे तिकीट मागितले. एकनाथरावांनी काढले. नियम पाळणाऱ्या माणसाला नियम पाळणारा माणूस भेटला की दोघांनाही बरे वाटते. ते दोघे क्षणभर एकमेकांकडे आदराने बघत राहिले. मग टांगा आत येऊन इतरांसारखाच फिरून उभा राहिला. चौदावा घोडा फाटकाकडे बघू लागला.

"बारावीसाठी सात वाजेपर्यंत थांबतो," एकनाथराव मागच्या सीटवर बसत म्हणाले. "आठला गाडी आहे."

निवृत्तीरावांचा हात नकळत उजव्या खिशाकडे गेला. सुशीलाबाईंनी तो पाहिला.

"अहो, समोरच्या हवेलीतल्या नवाबसाहेबांची आहे की मोटार," त्या म्हणाल्या.

"विटांवर आहे ती."

"नंबर आहे ना?"

"पाचशे एकोणीस."

"टॅक्स?"

"डिसेंबरपर्यंत भरलाय. मीच घेतला."

"मग विटा काढा. दादा, बैल कुठं आहेत तुमचे?"

सहा वाजून बावन्न मिनिटांनी पाचशे एकोणीस नंबरची काळी, लांबलचक मोटार फाटकातून आत आली. पुढे आबासाहेबांचे दोन बैल होते. टायर नसल्याने लोखंडी चाकांचा खडखडाट अख्ख्या बरकतपुऱ्यात ऐकू जात होता. स्टिअरिंगवर नवाबसाहेब शेरवानी घालून बसले होते आणि वळताना हात बाहेर काढून रीतसर इशारा देत होते. जमिनीवर बसलेले टांगेवाले उभे राहिले. पडद्यांच्या रिक्षांतून टाळ्या आल्या.

"आठ साल बाद निकले, निवृत्तीराव," नवाबसाहेब म्हणाले. "जरा आहिस्ता बोलो बैलांना. गाडी नाजूक है."

एकनाथराव टांग्यातून उतरले. मोटारीभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"ही बैलगाडी आहे," ते म्हणाले.

"मोटार आहे, सर. पाचशे एकोणीस."

"स्वतःच्या जोरावर आत आली का?"

"सर, आपल्या व्याख्येत मोटार म्हणजे नोंदणी झालेली आणि टॅक्स भरलेली मोटार. कशी आली, याला रकाना नाही."

"नोंद कुणी केली होती?"

"मी. माझ्याच अक्षरात आहे."

"बैलांची नोंद आहे?"

"नाही, सर."

"मग बैल मला दिसले नाहीत," एकनाथराव म्हणाले आणि फाईलवर लिहिले, मोटारी बारा.

बातमी रांगांमधून पसरली. बारा झाल्या, बारा झाल्या. हातगाडीवरच्या दुकानदारांनी चुरमुरे वाटले. आबासाहेबांनी दाजींच्या पाठीवर अशी थाप मारली की वही खाली पडली. सुशीलाबाई पडद्याकडे गेल्या. त्यांनी पडद्याची एक सैल झालेली दोरी घट्ट बांधली आणि पदराने डोळे पुसले.

सात वाजून पाच मिनिटांनी खेळ सुरू झाला. मांजरपाटावर पहिली चित्रे हलली आणि अख्ख्या मैदानाने एकदम श्वास घेतला. आवाजासाठी कडुनिंबावर दोन कर्णे होते. हे दोन्ही कर्णे उमाजीच्या निवडीचे होते, आणि उमाजीला कमी आवाज हा अपमान वाटे. शहरातले अनेक जण त्या रात्री सिनेमा बघत नव्हते, पण ऐकत सगळेच होते.

एकनाथराव टांग्याच्या मागच्या सीटवर घड्याळ हातात धरून बसले. निवृत्तीराव शेजारी उभे होते. सात मिनिटे झाली. आठ. पडद्यावर नायिकेने चिठ्ठी लिहून ठेवली, शाल घेतली आणि घर सोडले. नऊ. रिक्षांतून रडण्याचे आवाज येऊ लागले. एकनाथरावांनी फाईल गुडघ्यावर घेतली, परवान्याचा कागद वर काढला आणि शाईच्या पेनाचे टोपण उघडले.

"दहा," ते म्हणाले. "खेळ चालू आहे. मोटारी बारा आहेत. निवृत्तीराव, राजीनामा आणलाय?"

"आणलाय, सर."

"काढा." आणि त्यांनी सही करायला सुरुवात केली.

पडद्यावर नायिका रेल्वे स्टेशनवर पोचली होती. दोन्ही कर्ण्यांमधून इंजिनाने शिट्टी दिली.

चौदा घोड्यांनी एकाच वेळी माना वर केल्या. स्टँडच्या घोड्याला शिट्टीचा एकच अर्थ माहीत असतो: गाडी आली, पुढे व्हा, नाहीतर सवारी दुसऱ्याला जाईल. त्यांना वळायचीही गरज नव्हती. तोंडे फाटकाकडेच होती. पहिला घोडा दोन मोटारींच्या मधून निघाला, बाकीचे स्टँडवरच्या शिस्तीने त्याच्या मागे. हाकणारे सगळे पडद्यासमोर जमिनीवर होते आणि नायिकेला गाडी मिळते की नाही, ते बघत होते.

"सर," निवृत्तीराव म्हणाले. पण सर फाटकापाशी पोचले होते. मागे तोंड करून बसल्यामुळे ते निवृत्तीरावांकडेच बघत दूर दूर जात होते. एका हातात फाईल होती, दुसऱ्यात पेन.

तातेरावांनी एकालाही अडवले नाही. "बाहेर जायला मनाई छापलेली नाही," असे त्यांनी नंतर सांगितले.

निवृत्तीराव पहिल्या मोटारीकडे धावले. "साहेब, स्टेशनपर्यंत. माझी सही गेली."

"आत्ता?" मोटारवाले पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "इंटरवल होऊ द्या."

दुसऱ्या मोटारीतून "शू" असा आवाज आला. तिसरीत त्यांना चुरमुरे देण्यात आले. नवाबसाहेबांनी मोटार देऊ केली, पण बैल सुटलेले होते.

मागच्या भिंतीला एकेचाळीसशे बहात्तर टेकून उभी होती. निवृत्तीराव तिच्यावर बसले.

"अहो," सुशीलाबाईंनी मागून हाक मारली, "कोणता खिसा ते मला विचारल्याशिवाय—"

पुढचे त्यांना ऐकू आले नाही.

काचीगुडा स्टेशनसमोर चौदा टांगे ओळीने उभे होते. रांग एरवीपेक्षा सरळ होती. सवाऱ्या जागच्या जागी बसलेल्या होत्या आणि एका टांग्यातला जावई दुसऱ्या टांग्यातल्या म्हाताऱ्याला, नायिकेचे पुढे काय होणार, ते सांगत होता. बाहेरगावाहून आलेला एक गृहस्थ रिकामा टांगा शोधत रांगेवरून फिरत होता. पुढच्या टांग्यात अकरा माणसे बघून तो म्हणाला, "एवढे सगळे आत्ताच्या गाडीनं आले?"

उमाजीचा टांगा रिकामा होता. स्टेशनच्या फाटकावरचा तिकीट तपासनीसही जागेवर नव्हता. तो तातेरावांच्या ओळखीने पांगुळगाड्याबरोबर सिनेमाला गेला होता. निवृत्तीराव सायकल हातात धरूनच प्लॅटफॉर्मवर गेले. वाटेत साखळी तीनदा पडल्यामुळे सात पंचावन्न झाले होते.

प्लॅटफॉर्म कचेऱ्यांनी भरला होता. कपाटे, टाइपरायटर, गाठोड्यांत बांधलेल्या फायली, प्रत्येकावर खडूची खूण. एकनाथराव खिडकीशी बसले होते. त्यांनी कागद बाहेर दिला.

सहीची पहिली दोन अक्षरे ठळक होती. तिथून एक रेघ निघून कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. कडेच्या पुढे ती एकनाथरावांच्या पाटलोणीवर, गुडघ्यापासून घोट्याच्या दिशेने वीतभर उतरली होती.

"राहिलेली करा, सर," निवृत्तीराव धापा टाकत म्हणाले.

"तुम्ही कुठं उभे आहात?"

"प्लॅटफॉर्मवर."

"प्लॅटफॉर्म रेल्वेचा. इथं मला कसलाही अधिकार नाही. इथं मी प्रवासी आहे."

"मग बाहेर चला, सर. दोन मिनिटं."

"आत एकशे बारा फायली आहेत. दोन मिनिटांत एखादी म्हैसूरला गेली, तर जबाबदार कोण?" एकनाथराव खिडकीतून जरा वाकले. आवाज खाली आला. "निवृत्तीराव, जेवढी सही झाली तेवढी माझीच आहे. कुणी विचारलं तर नाकारणार नाही. आणि ही समोरची जागा तुमची आहे. चढायचं तर चढा."

निवृत्तीरावांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. उजव्या खिशात हात घातला. पास तिथेच होता. डाव्या खिशात राजीनामाही तिथेच होता. डाव्या हातात सायकल होती, भाड्याची, तासावर घेतलेली, कुणाच्या नावावर ते माहीत नाही. ती अशीच टाकून जाता येणार नव्हती. त्यांनी पहिल्या खांबाकडे पाहिले, तिथे टाइपरायटर होते. दुसऱ्या खांबाशी कपाट होते. तिसऱ्या खांबाशी त्यांनी ती टेकवली. ती घसरली. पुन्हा टेकवली.

इंजिनाने शिट्टी दिली. ही खरी होती. बाहेर चौदा घोडे एकदम खिंकाळले, सायकल पडली, निवृत्तीरावांनी ती उचलली आणि वळले, तेव्हा शेवटचा डबा त्यांच्यासमोरून जात होता.

एक सायकल खांबाला टेकवायला एवढा वेळ का लागला, हे सुशीलाबाईंनी नंतर दोनदा विचारले. निवृत्तीरावांनी त्याचे उत्तर दिलेले नाही. सुशीलाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलेले नाही.

टांगेवाले धावत आले आणि टांगे परत नेले. सवाऱ्यांनी बुडालेले रीळ पुन्हा दाखवायची मागणी केली. तातेरावांनी नवे तिकीट मागितले. खेळ संपला तेव्हा नवाबसाहेबांची मोटार बाहेर काढायला बैल तयार होईनात, म्हणून ती तिथेच ठेवण्यात आली.

यानंतरची माहिती शनिवार, २४ नोव्हेंबरपर्यंतची आहे. अर्धी सही असलेला परवाना नव्या राज्याच्या कायदा शाखेकडे गेला. शाखेने कळवले की सही अंशतः वैध दिसते. सहीचा उर्वरित भाग जिथे असेल तिथून हजर करावा आणि निर्णय होईपर्यंत आहे ती स्थिती चालू ठेवावी. तातेराव आहे ती स्थिती काटेकोरपणे चालू ठेवतात. दर शनिवारी बारा मोटारी, चौदा टांगे आणि एक पांगुळगाडा आत आल्याशिवाय ते खेळ सुरू करू देत नाहीत. शिट्टीचा प्रसंग आला की उमाजी कर्ण्यांत उशी कोंबतो.

औरंगाबादच्या कचेरीत निवृत्तीरावांचे नाव हजेरीपटावर आहे. त्यापुढे रोज 'प्रवासात' असे लिहिले जाते.

उर्वरित सहीबद्दल आबासाहेबांनी एकनाथरावांना लिहिले होते. त्यांचे उत्तर काल आले. पाटलोण औरंगाबादला पोचताच धोब्याकडे गेली. धोबी दिवाळीला गावी गेला आहे, अजून परतलेला नाही. रेघ धुऊन निघाली असेल की नाही, ते एकनाथराव सांगू शकत नाहीत. शाई सरकारी होती, एवढेच त्यांनी खात्रीने लिहिले आहे.